वर्गणीतून उभ्या राहिलेल्या वास्तू: शिकागो ते पोलोनिया, चार दिवस

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा एक स्मृतिस्तंभ आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने सायबेरियाकडे हाकललेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार जण, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे आपल्या वळिवड्याला पोहोचले आणि १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत राहिले. माझी आई सांगत असे की तिच्या लहानपणी त्या छावणीतल्या बायका बाजारात येत आणि भाजीवाल्यांशी मोडक्या मराठीत घासाघीस करीत. त्या पुढे कुठे गेल्या, हा प्रश्न तिच्याबरोबर माझ्याही मनात राहिला. त्यांच्यातल्या काही जणी इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत गेल्या एवढे नंतर वाचनातून कळले. त्यामुळे लेकीकडे शिकागोला गेले असताना मे महिन्याचा पहिला आठवडा जवळ आला, तेव्हा तिथल्या पोलिश लोकांचा संविधान दिन आणि त्यांच्या जुन्या वस्त्या पाहायच्या असे मी आधीच ठरवून टाकले होते. लेकीने दोन दिवस रजा काढली. ती, माझे यजमान आणि मी असे तिघे तिच्या गाडीने निघालो.

पहिला दिवस, शुक्रवार: शिकागो, मिलवॉकी अव्हेन्यू

सकाळपासून बारीक पाऊस होता. अमेरिकेतील पोलिश संग्रहालय मिलवॉकी अव्हेन्यूवर आहे. त्याची स्थापना १९३५ ची आणि ते लोकांसाठी उघडले १९३७ मध्ये. ज्या इमारतीत ते आहे ती पोलिश रोमन कॅथलिक युनियनची. ही संस्था १८७३ पासून चालत आली आहे आणि ती मुळात विमा देणारी परस्पर साहाय्य संस्था आहे. हे सांगण्याचे कारण असे की पुढच्या चार दिवसांत मी जे जे पाहिले त्याचा उगम याच प्रकारच्या संस्थांत होता.

संग्रहालयात आम्हाला एक वयस्कर स्वयंसेविका भेटल्या. त्यांची आजी कत्तलखान्यात काम करायची, आणि आजीला त्या 'बुशा' म्हणत होत्या. शिकागो आणि आसपासच्या पोलिश घरांत आजीला हेच म्हणतात, पोलंडमध्ये मात्र हा शब्द सहसा कोणी वापरत नाही, असे त्यांनी हसत सांगितले. त्यांनी आम्हाला मुख्य दालनातली रंगीत काचेची भव्य खिडकी दाखवली. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी पोलंडने आपल्या दालनात ज्या वस्तू मांडल्या होत्या, त्यांत ही खिडकी होती. प्रदर्शन चालू असतानाच सप्टेंबरमध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, देश व्यापला गेला आणि वस्तू परत पाठवायला ठिकाणच उरले नाही. त्यांतल्या अनेक वस्तू संग्रहालयाने विकत घेतल्या. "देशाला परत जाता आले नाही, म्हणून आमच्याकडे राहायला आल्या," असे त्या बाई म्हणाल्या, आणि खिडकीखाली उभे राहून हे ऐकताना मला वळिवडे आठवले.

त्याच दालनात स्तानिस्वाव बातोव्स्की या चित्रकाराचे सव्हाना येथील पुलास्कीचे मोठे चित्र आहे. काझिमिएझ पुलास्की हा पोलिश सरदार अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात घोडदळ घेऊन लढला आणि १७७९ मध्ये सव्हानाच्या वेढ्यात जखमी होऊन वारला. इलिनॉय राज्यात मार्चचा पहिला सोमवार त्याच्या नावाने पाळला जातो. याच युद्धातले दुसरे पोलिश नाव तादेउश कोश्चुश्को यांचे. साराटोगाची तटबंदी आणि वेस्ट पॉइंटचा किल्ला ही त्यांच्या अभियंता-बुद्धीची कामे. अमेरिकेतील आपली मालमत्ता गुलामांना मुक्त करण्यासाठी आणि त्यांच्या शिक्षणासाठी वापरावी, असे मृत्युपत्र त्यांनी १७९८ मध्ये करून ते थॉमस जेफरसन यांच्या हाती दिले होते. ते अमलात आले नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. पियानोवादक इग्नात्सी पादेरेव्स्की १९१९ मध्ये पोलंडचे पंतप्रधान झाले होते. न्यूयॉर्कच्या हॉटेलमधील त्यांच्या अखेरच्या मुक्कामातल्या वस्तूही इथे एका खोलीत जपल्या आहेत.

मला मात्र सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटले ते वर्गणीच्या जुन्या वह्यांपाशी. पोलंड हा देश १७९५ नंतर १२३ वर्षे नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. त्या काळात 'झा ख्लेबेम', म्हणजे भाकरीसाठी, निघालेला शेतकरी अमेरिकेच्या बंदरात उतरला की त्याच्या कागदांवर जर्मन, रशियन किंवा ऑस्ट्रियन असे लिहिले जाई. मागे सरकार नाही, वकील नाही, बोलीभाषा कोणाला कळत नाही. कारखान्यात माणूस मेला तर त्याच्या अंत्यसंस्काराला आणि मागे राहिलेल्या पोराबाळांना आधार देणारे कोणी नसे. म्हणून आठवड्याच्या पगारातून थोडे थोडे बाजूला काढून या संस्था उभ्या राहिल्या. १८८० मध्ये पोलिश नॅशनल अलायन्स आली, आणि बायकांना या संस्थांत बरोबरीचे स्थान मिळत नाही म्हणून १८९८ मध्ये शिकागोतल्या बायकांनी पोलिश विमेन्स अलायन्स काढली. पुढे याच पैशातून वर्तमानपत्रे, शाळा, ग्रंथालये आणि शिष्यवृत्त्या निघाल्या. १९०८ मध्ये सुरू झालेले 'जेन्निक झ्विओंझ्कोवी' हे पोलिश दैनिक शिकागोत अजूनही निघते.

दुपारी पाऊस थांबल्यावर चालत संत स्तानिस्वाव कोस्तका चर्चला गेलो. हा पॅरिश, म्हणजे एका चर्चशी जोडलेली भाविकांची वस्ती, १८६७ चा, इमारत १८७७ ते १८८१ या काळातली. विसाव्या शतकाच्या तोंडाला तो देशातल्या सर्वांत मोठ्या पॅरिशांपैकी एक होता आणि त्याच्या यादीत हजारो कुटुंबे होती. तेव्हा लोक आपल्या गल्लीला रस्त्याच्या नव्हे, चर्चच्या नावाने ओळखत. इथला भाग 'स्तानिस्वावोवो'. चालत काही मिनिटांवर असलेल्या होली ट्रिनिटीचा भाग 'त्रुयत्सोवो'. दोन्हीकडे पोलिशच लोक, पण एकीकडे धर्म आधी म्हणणारे आणि दुसरीकडे देश आधी म्हणणारे. वर्षानुवर्षे त्यांचे हाडवैर चालले. कोल्हापुरातल्या दोन तालमींची चुरस ज्याने पाहिली आहे, त्याला ते समजावून सांगावे लागणार नाही.

चर्चच्या अगदी भिंतीलगत केनेडी द्रुतगती मार्ग जातो. रस्ता आखला जात होता तेव्हा तो सरळ चर्चवरून जाणार होता. पोलिश लोकांनी विरोध केला आणि रस्ता वळला. चर्चच्या मागे उभे राहिले की तो बाक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. आत शुक्रवारच्या दुपारी पाच-सहा जण गुडघे टेकून बसले होते, त्यांतल्या दोघी स्पॅनिशमध्ये जपमाळ म्हणत होत्या. आता इथे इंग्रजी, पोलिश आणि स्पॅनिश अशा तिन्ही भाषांत प्रार्थना होते. तीन पिढ्यांपूर्वीच्या हमालांनी आणि खाटकांनी दिलेल्या पैशांवर उभ्या असलेल्या छपराखाली मेक्सिकोहून आलेली माणसे आज निर्धास्त बसतात, हे पाहून मला फार समाधान वाटले.

जाणाऱ्यांसाठी: ब्लू लाइनच्या डिव्हिजन स्थानकावर उतरलात तर समोरचा चौक म्हणजे 'पोलिश ट्रायँगल', आणि वरच्या तिन्ही जागा चालत होतात. संग्रहालय रोज उघडे नसते, निघण्यापूर्वी वार आणि वेळ पाहून घ्यावी. चर्च आतून पाहायचे तर प्रार्थनेच्या वेळेच्या जरा आधी पोहोचावे.

दुसरा दिवस, शनिवार: मिरवणूक आणि याट्स्कोवो

३ मे १७९१ रोजी पोलंडने लिखित संविधान स्वीकारले. आधुनिक काळात असे संविधान करणारा युरोपातला तो पहिला देश. चार वर्षांत देशच उरला नाही, पण तारीख उरली, आणि स्थलांतरितांनी ती समुद्रापार नेली. मायदेशात परकीय सत्तेखाली जो दिवस उघडपणे पाळता येत नव्हता, तो शिकागोत रस्त्यावर साजरा होत असे. आजही तारखेच्या जवळच्या शनिवारी मिरवणूक निघते.

मे महिना असूनही मिशिगन तळ्यावरून येणारा वारा इतका गार होता की मला शालीवर लेकीचा जाड कोट घालावा लागला. आम्ही तासभर आधी जाऊन पदपथावर जागा धरली. लाल-पांढऱ्या झेंड्यांमागून शनिवारच्या पोलिश शाळांची मुले आली. ही मुले आठवडाभर इंग्रजी शाळेत जातात आणि शनिवारी पोलिश भाषा, इतिहास आणि भूगोल शिकतात. शिक्षक पुष्कळदा आईबापांतलेच असतात. त्यांच्यामागून डोंगराळ भागातले गुराल लोक आले: पांढऱ्या लोकरी विजारींवर रंगीत भरतकाम, टोपीला पीस, आणि सारंगीसारखा टोकदार सूर काढणारी व्हायोलिने. मग पोलिश वंशाचे अग्निशामक जवान, परिचारिका, गवंड्यांची आणि सुतारांची संघटना. एका ट्रकवर दोन छोट्या मुली फुलांचे मुकुट घालून बसल्या होत्या आणि थंडीने लाल झालेल्या हातांनी चॉकलेटे वाटत होत्या.

आमच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ बसले होते. यजमानांनी त्यांना मिरवणुकीतल्या एका पताकेचा अर्थ विचारला, त्यांनी तो सांगितला, आणि मग आम्ही कुठले म्हणून विचारले. भारतातले म्हटल्यावर त्यांनी पुढे विचारले, भारतात कुठे? मी कोल्हापूर म्हणाले. ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी "वालिवादे" असा उच्चार केला. मला आधी कळलाच नाही, आणि कळला तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांच्या आई वयाच्या अकराव्या वर्षी आपल्या आईबरोबर आणि धाकट्या भावाबरोबर तिथे आल्या होत्या. तिथल्या पोलिश शाळेत शिकल्या, बालवीर पथकात होत्या, पंचगंगेवर सहलीला जात. वडील युद्धात गेले. छावणी बंद झाल्यावर हे कुटुंब आधी इंग्लंडला आणि मग शिकागोला आले, आणि पुढे आई याट्स्कोवोतल्या एका बेकरीत तीस वर्षे कामाला होत्या. "ती म्हणायची, सायबेरियानंतर पहिल्यांदा पोटभर झोप मला तिथे लागली," असे ते गृहस्थ म्हणाले. आई आता नाहीत. त्या रेल्वेने ज्या छोट्या स्थानकावर उतरल्या त्याची त्यांना नेहमी आठवण येई. ते स्थानक अजून आहे का, असे त्यांनी मला विचारले. मी म्हणाले, आहे. त्यांनी त्याचे छायाचित्र मागितले आणि माझ्या वहीत आपला पत्ता स्वतःच्या हाताने लिहून दिला.

दुपारी त्यांनीच सांगितलेल्या दिशेने आम्ही याट्स्कोवोला गेलो. अ‍ॅव्हनडेल भागातल्या संत हायसिंथ चर्चभोवतीची ही वस्ती. पोलिशमध्ये या संताचे नाव यात्सेक, म्हणून याट्स्कोवो. तीन मनोऱ्यांचे हे चर्च १९२१ मध्ये पूर्ण झाले आणि २००३ मध्ये त्याला बॅसिलिकाचा, म्हणजे पोपकडून निवडक चर्चना दिला जाणारा, मान मिळाला. १९८० च्या दशकात सॉलिडॅरिटी ही पोलिश कामगारांची चळवळ दडपली गेल्यावर पोलंडमधून आलेल्या माणसांना इथे पहिली खोली, पहिले काम आणि पहिली ओळख मिळाली. आता त्यांतले पुष्कळजण उपनगरांत गेले आहेत आणि दुकानांच्या पाट्यांवरची पोलिश अक्षरे कमी झाली आहेत.

तरी जेवण मिळाले ते मनासारखे. संत यात्सेकचे आणि पिएरोगींचे नाते लोकांच्या बोलण्यात इतके रुजले आहे की कशाचे आश्चर्य वाटले तर पोलिश माणूस "संत यात्सेका, पिएरोगींसह!" असे उद्गारतो. पिएरोगी म्हणजे उकडलेली करंजीच, फक्त मैद्याच्या पारीत बटाटा आणि ताजे चीज, कधी कोबी आणि अळंबी, आणि वर लोण्यात परतलेला कांदा. राईचे पीठ आंबवून केलेले 'झुरेक' हे सूप पहिल्या घोटालाच ओळखीचे वाटले. ती आंबीलच, थोडी घट्ट आणि अधिक आंबट. शेपू इथे सगळ्यावर असतो: काकडीवर, बटाट्यावर, सुपावर. शेपूला नाक मुरडणारे माझे यजमान तो आवडीने खाऊ लागले, याची नोंद मी घरी सांगण्यासाठी करून ठेवली. शेवटी 'माकोविएत्स' आला. गोड पोळीत वाटलेली खसखस पसरून ती गुंडाळून भाजतात. इतकी खसखस एका घासात मी कधी खाल्ली नव्हती.

शाकाहारी वाचकांसाठी दोन सूचना. बटाटा-चीजच्या पिएरोगींना 'रुस्किए' म्हणतात, पण वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालण्याची पद्धत आहे, म्हणून मागवतानाच ते नको असे सांगावे. झुरेक आणि बीटाचे सूप बहुधा मांसाच्या रश्शावर करतात, मी ते विचारून बिनमांसाचे मिळवले, पण प्रत्येक ठिकाणी मिळेलच असे नाही.

तिसरा दिवस, रविवार: मिलवॉकी

शिकागोहून मिलवॉकी सुमारे १५० किलोमीटर. सकाळच्या प्रार्थनेला संत जोसाफात बॅसिलिकात पोहोचायचे म्हणून पहाटे निघालो.

या इमारतीची कथा मला आधी खरी वाटली नव्हती. १८९० च्या दशकात मिलवॉकीच्या दक्षिण भागातल्या पोलिश मजुरांना मोठे चर्च हवे होते. फादर विल्हेल्म ग्रुट्झा यांच्याकडे तसे बांधायला पैसे नव्हते. त्याच सुमारास शिकागोतली जुनी पोस्ट आणि जकात कचेरीची प्रचंड इमारत पाडली जात होती. ग्रुट्झांनी तिचे सामान २०,००० डॉलरांना विकत घेतले आणि ५०० उघड्या मालगाड्यांच्या डब्यांतून मिलवॉकीला आणले. वास्तुकार एर्हार्ड ब्रीलमायर यांनी हाती आलेल्या दगडांना अनुसरून आपला आराखडा बदलला. पायासाठी लोकांनी स्वतः माती खणली, घोड्यांकडून ओढवली. १९०१ मध्ये चर्चचे अर्पण झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात फादर ग्रुट्झा वारले. मागे कर्जाचा डोंगर राहिला. पुढे फ्रान्सिस्कन संन्याशांनी जबाबदारी घेतली, आणि कर्ज फिटायला १९२५ साल उजाडले. चोवीस वर्षे लोक दर आठवड्याला पैसे देत राहिले, त्यांतल्या अनेकांना स्वतःचे घर अजून फेडायचे होते.

आत गेल्यावर मान वर करून घुमट पाहतच राहावे लागते. पण मला जी गोष्ट आठवते ती हाताच्या उंचीवरची आहे. दरवाजांच्या पितळी मुठींवर अमेरिकी अर्थखात्याची मुद्रा आहे, कारण त्या मुळात सरकारी कचेरीच्या मुठी. सरकारने टाकून दिलेल्या दारातून ज्यांना सरकार नव्हते अशी माणसे आपल्या देवळात शिरत होती. १९२९ मध्ये या चर्चला बॅसिलिका म्हणून मान्यता मिळाली.

दुपारच्या आधी आम्ही जोन्स बेट शोधायला गेलो आणि तिथे चुकलो. नकाशाने आम्हाला बंदराच्या बंद फाटकापाशी नेऊन सोडले, तिथून एका पहारेकऱ्याने मागे वळवले, आणि पाऊण तास मालगाड्यांचे रूळ आणि मीठाचे ढीग यांच्यामध्ये फिरल्यावर ती जागा सापडली: काशुबे पार्क, शहरातील सर्वांत छोटे उद्यान. आपल्याकडच्या एखाद्या वाड्याच्या अंगणाएवढे. १८७० च्या दशकापासून बाल्टिक किनाऱ्यावरच्या हेल द्वीपकल्पातले काशुब कोळी इथे येऊन राहिले. त्यांनी जाळी विणली, होड्या बांधल्या, शहराला मासे पुरवले, पण जमिनीचा कागद त्यांच्यापैकी कोणाकडे नव्हता. शहराला बंदर वाढवायचे होते, तेव्हा त्यांना एकेक करून उठवण्यात आले. १९४० च्या दशकात शेवटची घरेही गेली. मागे उरला तो हा हिरवा तुकडा. आम्ही तिथे बसून लेकीने आणलेल्या थालीपिठांचा डबा खाल्ला.

तीन वाजता बे व्ह्यू. हा या प्रवासातला सर्वांत गंभीर तास. ५ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी संप करणारे सुमारे दीड हजार कामगार, बहुसंख्य पोलिश, संत स्तानिस्वाव चर्चपासून निघून बे व्ह्यूच्या पोलादी लाटण कारखान्याकडे चालत आले. शहरातले जवळजवळ सगळे मोठे कारखाने बंद पडले होते, हा एक चालू होता. गव्हर्नर जेरेमाया रस्क यांच्या आदेशावरून तैनात केलेल्या सैनिकांनी लोकांवर गोळ्या झाडल्या. निदान सात माणसे मेली, त्यांत तेरा वर्षांचा एक मुलगा होता. तैनात तुकड्यांमध्ये कोश्चुश्को गार्ड नावाची पोलिश तुकडीसुद्धा होती, हे मला तिथल्या एका निवृत्त शिक्षकाकडून कळले. ते दुःख त्या वस्तीत किती वर्षे बोलले गेले नसेल याचा विचार मी करीत राहिले.

कारखाना आता नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक स्मृतिफलक आहे आणि मेच्या पहिल्या रविवारी लोक तिथे जमतात. आम्ही गेलो तेव्हा वेगवेगळ्या कामगार संघटनांचे लोक, मुलाबाळांसह शेजारी आणि काही म्हातारी जोडपी होती. मृतांची नावे वाचली गेली, पुष्पचक्र वाहिले गेले. माझ्याजवळ उभ्या असलेल्या बसचालक बाईंचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले होते. दरवर्षी येता का, असे मी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मी आठ तासच काम करते ना." एवढे बोलून त्या पुन्हा फलकाकडे पाहू लागल्या.

जाणाऱ्यांसाठी: मिलवॉकीत तळ्याकाठी मेमध्ये हवा दोन मैलांवरच्या वस्तीपेक्षाही गार असते, एक जास्तीचा स्वेटर ठेवावा. बॅसिलिकात रविवारी प्रार्थनेनंतर लोक इमारतीची माहिती देतात, तेव्हा जावे.

चौथा दिवस, सोमवार: उचललेली घरे आणि पोलोनिया

सकाळी मिलवॉकीच्या दक्षिण भागात 'पोलिश फ्लॅट' पाहिले. स्थलांतरित कुटुंब आधी एक मजली, चार खोल्यांचे लाकडी घर बांधी. पैसे जमले की अख्खे घर जॅक लावून उचलत, त्याखाली अर्धे जमिनीत अर्धे वर असे तळघर बांधत आणि तिथे भाडेकरू किंवा म्हातारे आईबाप राहत. भाड्यातून घराचा हप्ता फिटे, कारण हप्ता देणारी बचत आणि घरकर्जाची मंडळीही वस्तीतल्याच लोकांनी स्थापलेली असे. माती, वीट, कर्ज आणि भाडेकरू हे सगळे एकाच आवारातले. एका घरासमोर ट्यूलिपला पाणी घालणाऱ्या मेक्सिकन आजीबाईंनी आम्हाला पाहून खालचे दार उघडले. पाच पायऱ्या उतरलो तर खाली त्यांच्या नातीचा संसार होता. वरच्या तुळईवर जुन्या पोलिश मालकाने सुतारी पेन्सिलीने लिहिलेली मापे अजून दिसत होती. आजीबाई त्यांवर रंग देऊ देत नाहीत.

तिथून अडीच तास उत्तरेकडे स्टीव्हन्स पॉइंट. इथे लोक कारखान्यांत नव्हे तर शेतावर आले. वाळूची, हलकी, खडे आणि शिळा असलेली जमीन. इतरांनी नाकारलेली ही जमीन घेऊन त्यांनी बटाटा लावला, आणि आज पोर्टेज परगण्याचे नाव बटाट्यावरच आहे. मेच्या सुरुवातीला लागवड चालू होती, दूरवर सरळ सऱ्या आणि त्यांच्यावर धुळीचा पडदा. शेतांच्या कडेला, रस्त्यावर अधूनमधून लाकडी क्रूस आणि देव्हाऱ्यासारखे छोटे कोनाडे आहेत. कोकणातल्या पाणंदीवर जशी घुमटी भेटते तशीच. स्टीव्हन्स पॉइंटमध्ये वोर्झाला बंधूंनी १९०८ मध्ये 'ग्व्याझ्दा पोलार्ना', म्हणजे ध्रुवतारा, हे पोलिश साप्ताहिक सुरू केले. देशभरातल्या विखुरलेल्या पोलिश शेतकऱ्यांना ते पोस्टाने पोचे.

पोलोनिया हे गाव म्हणजे दोन रस्त्यांचा चौक आणि त्यावर एक मोठे चर्च. परदेशी गेलेल्या सर्व पोलिश लोकांना मिळून पोलोनिया म्हणतात, आणि या गावाने तेच नाव घेतले. फादर युझेफ दोम्ब्रोव्स्की १८७० च्या सुमारास इथे आले तेव्हा आधीचे चर्च दारूगुत्त्यांच्या गराड्यात होते. त्यांनी ते दीड मैलावर हलवले. गुत्तेवाल्यांनी त्याला कडवा विरोध केला. १८७४ मध्ये क्राकूफहून त्यांनी फेलिशियन संघाच्या पाच संन्यासिनींना बोलावले. शेतकऱ्यांच्या मुलांना पोलिशमधून वाचायला कोणी शिकवावे म्हणून त्या आल्या, आणि त्यांच्यापासून निघालेल्या शाळा पुढे देशभर पसरल्या. त्यांची मुख्य कचेरी नंतर डेट्रॉइटला गेली. गावात मात्र दफनभूमीत त्या काळच्या शिळा आहेत, अक्षरे झिजलेली, पण ताजे लाल-पांढरे झेंडे लावलेले.

चर्चच्या आवारात बटाट्याच्या शेतावरून परतलेले एक शेतकरी भेटले. त्यांची सातवी पिढी इथे आहे. पोलिशचे त्यांना पंचवीसएक शब्द येतात, त्यांतले निम्मे खाण्याचे, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी ट्रकच्या मागून आम्हाला पिशवीभर लाल बटाटे काढून दिले. पैसे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. ते बटाटे घेऊन आम्ही रात्री उशिरा शिकागोला पोहोचलो, आणि दुसऱ्या दिवशी लेकीने त्यांची भाजी केली.

जाणाऱ्यांसाठी: स्टीव्हन्स पॉइंट आणि पोलोनिया हा भाग सार्वजनिक वाहनाने होणार नाही, गाडी हवीच. रस्त्याकडेचे क्रूस काही ठिकाणी खाजगी जमिनीला लागून आहेत, ते रस्त्यावरूनच पाहावेत.

जूनमध्ये आम्ही कोल्हापूरला परतलो. पहिला मोकळा दिवस मिळाला तेव्हा मी मिरजेकडे जाणाऱ्या पॅसेंजरने वळिवडे स्थानकावर उतरले. पाऊस नुकताच लागला होता. फलाटावर दोन बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या, आणि पिवळ्या फलकावर काळ्या अक्षरांत मराठी, हिंदी आणि इंग्रजीत नाव होते. मी फलकाचे, रुळांचे आणि फलाटावरून दिसणाऱ्या शेतांचे छायाचित्र काढले. पलीकडे जिथे पोलिश छावणी होती तिथे फाळणीनंतर सिंधी निर्वासित राहायला आले आणि गांधीनगर झाले, हे मी पत्रात सविस्तर लिहिले. महावीर उद्यानातल्या स्तंभाचेही एक छायाचित्र जोडले. पाकिटावर त्या गृहस्थांच्या हस्ताक्षरातला पत्ता मी पाहून पाहून उतरवला आणि ते पोस्टात टाकले.